हराळी कोणी मारली?

मधू,

परवा तुझी शोकसभा झाली. कुठं झाली ते ऐकशील तर उठून बसशील. तुझ्याच मैदानावर झाली, मंडप टाकून. पावसाचे दिवस म्हणून वर ताडपत्री, ताडपत्री उडू नये म्हणून दोर, आणि दोर बांधायला घणानं ठोकलेल्या लोखंडी मेखा. एक मेख पेनल्टीच्या ठिपक्यापासून हातभरावर होती. गोलपोस्टसमोर टेबल, टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार, आणि टेबल डुगडुगू नये म्हणून पायांखाली विटांचे तुकडे. मी चपला हातात घेऊन आत शिरलो तेव्हा मला रडू आलं नाही. कोणाला तरी धरून बदडावं असं वाटलं.

नगरपंचायतीचे साहेब तासभर उशिरा आले आणि तुला मधुकरराव म्हणाले. जन्मभर तुला गावानं मधू म्हटलं, पोरांनी मधूकाका म्हटलं. मधुकरराव तू फक्त विजेच्या बिलावर होतास. 'मधुकररावांनी या मातीसाठी देह झिजवला,' असं ते म्हणाले. ज्या मातीवर ते उभे होते तिच्यावर त्यांच्याच ऑफिसनं ट्रक भरभरून मुरूम ओतला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग त्यांनी जाहीर केलं की मैदानाला तुझं नाव देणार आणि रस्त्याच्या बाजूनं सिमेंटची मोठी कमान बांधणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, मधू! माझ्या शेजारी आपल्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर प्रफुल्ल बसला होता, घोट्याला पट्टा बांधून. तो पुटपुटला, "आत खेळाले जागा नाई अन् बाहीर कमान."

तू गेल्यापासूनच्या दिवसांत मैदानाची आणखी काय दशा झाली ते सांगतो. पावसानं मुरूम धुऊन नेला आणि नाल्याकडच्या गोलच्या तोंडाशी त्याचा ढीग लागला. मधल्या वर्तुळात खालची काळी माती उघडी पडली आहे, पाय घोट्यापर्यंत रुततो आणि काढताना चप्पल आत राहते. मंडपवाल्याची गाडी कोपऱ्यातून आली, तिच्या चाकोरीत पाणी भरून बेडूक ओरडत आहेत. गणपती जवळ आले म्हणून चार बाया दूर्वा तोडायला आल्या होत्या. दरवर्षी त्या तुला विचारून तोडायच्या आणि तू "मधातल्या नोका तोडू, काठानं तोडा" करत त्यांच्यामागं फिरायचास. या वेळी त्या मुरुमाकडं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हातानं परत गेल्या.

आपलं मैदान हे कपाशीच्या वावरासारखं काळं. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडायच्या की हाताचा पंजा आत जाईल. चेंडू भेगेच्या काठावर आपटून भलतीकडंच उडायचा आणि समुद्रपूरची पोरं हसायची. मी शाळामास्तर, मला वाटायचं, मैदान असंच असतं. तू मात्र बस स्टँडजवळच्या तुझ्या कृषी केंद्रात बसून बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकता विकता मातीचा विचार करत होतास. एक दिवस तू म्हणालास, आपण हराळी लावू. मला आधी थट्टाच वाटली. गणपतीला दूर्वा म्हणून दोन काड्या वाहतात तेवढ्याच, बाकी आपल्या भागात हराळी लावत नाहीत, उपटतात. दर निंदणीला बाया तिच्या नावानं बोटं मोडतात.

आणि तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलास, की हराळी वावराच्या काठाला, धुऱ्यावर फेकू नका, पोत्यात भरून मला आणून द्या. नामदेवकाका तुझ्या तोंडावर म्हणाले होते, "लेका, सकाळी हराळी मारायचं औषध विकतं अन् संध्याकाळी हराळी लावतं. डोक्यावर परिणाम झाला काय तुह्या?"

तू त्यांच्या हातात चहाचा कप दिलास. "वावरात हराळी चोर हाय, काका. मैदानात तेच चौकीदार हाय. मातीले जागची हलू देत नाई."

तीन पावसाळे आपण ती लावली. सुताडा ताणून, वीतभर अंतरावर, दोन-दोन पेरांचा तुकडा मातीत दाबायचा. दोरीचं एक टोक तुझ्याकडं, एक माझ्याकडं. माझा हात ढिला पडला की तू पलीकडून ओरडायचास, "ओळ वाकडी झाली, मास्तर!" मी म्हणायचो, अरे गवत आहे, पसरेल आपोआप, ओळीचं काय एवढं? तू ऐकायचा नाहीस. तुला ते मैदान वावरासारखंच पेरायचं होतं. चौथ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा भेगा पडल्या नाहीत. त्या संध्याकाळी तू मधोमध उताणा पडलास, हातपाय पसरून, आणि मला म्हणालास, "झोप बे बाजूले. गादी हाय." मीही झोपलो. मास्तरला मैदानात लोळताना पाहून पोरं फिदीफिदी हसली होती. ती संध्याकाळ तू मला दिलीस, मधू, आणि तिच्यासाठी मी तुझा जन्मभर आभारी आहे, हे तुला मी कधी म्हटलं नाही.

आपलं मैदान म्हणजे सगळ्या गावाचं. लग्न, मेळावा, प्रचारसभा, कोणाच्या तरी वाढदिवसाचं जेवण, सगळं तिथंच. मंडप उठला की खिळे, तारा, काचा मागं राहायच्या. एकदा पवनच्या पायात बुटाच्या तळव्यातून खिळा गेला. तेव्हापासून तू फेरी सुरू केलीस. सामना असो की सराव, आधी सगळ्यांनी बूट काढायचे, खांद्याला खांदा लावून एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत हळूहळू चालायचं, आणि पायाला जे टोचेल ते वाकून उचलायचं. पाहुण्या टीमलाही तू चालायला लावायचास. कारंज्याची पोरं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांना वाटलं, हा काही देवाचा प्रकार आहे. तू म्हणालास, "देव नाई बे, खिळे हायेत. डोये खाली ठेवा अन् पाय हळू टाका." फेरी झाली की टोपलीत काय काय जमलं ते तू सगळ्यांना दाखवायचास. बांगड्यांच्या काचांनी ती टोपली लग्नसराईत भरून जायची. आता तू नाहीस म्हणून आपण एक टोपली उगाच कौतुकाची करायची नाही. ती टोपली या गावाची निर्लज्ज सवय होती आणि तू ती वाकून वाकून उचलत होतास.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. परवा सभेत सांगितली, पण तू तिथं नव्हतास.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कारंज्याशी आपला सामना ठरला होता, आपल्या घरच्या मैदानावर. त्या वर्षी काठानं गाजरगवत कमरेइतकं वाढलेलं. क्लबचा सचिव मी. मी ऑफिसला पत्र दिलं, मैदानावरील गाजरगवत व इतर तण नष्ट करून मैदान स्वच्छ करून द्यावे. शाळेच्या आवारासाठी दरवर्षी जो मजकूर लिहितो तोच मी उतरवला, खाली सही ठोकली, आणि साळीच्या लग्नाला तळेगावला निघून गेलो. फवारणीवाल्याला मैदानावर नेऊन, हे काठाचं मार आणि आतल्या हिरव्याला हात लावू नको, एवढं सांगायला मला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मी दिला नाही. लग्नाच्या पंगतीत मी जिलबी खात होतो तेव्हा इथं तुझ्या हराळीवर पंप चालू होता.

त्या माणसाचा दोष काय? तोही कास्तकाराचाच पोरगा. त्यानं आयुष्यभर हराळी दिसली की मारायची एवढंच पाहिलेलं. पत्रात तण लिहिलेलं, समोर हराळी पसरलेली. त्यानं मन लावून मारली, एक काडी सोडली नाही. आपल्याच भागात होऊ शकते अशी ही चूक आहे, दुसरीकडच्या माणसाला सांगितली तर तो हसेल.

सामना झाला तेव्हा मैदान पिवळं पडायला लागलं होतं. तुला आधी वाटलं, पाणी कमी पडलं. तू दोन दिवस टँकर फिरवलास. मग तिसऱ्या दिवशी तू मुळं उपटून पाहिलीस आणि तुला कळलं. औषधाचं मेलेलं गवत तुझ्याइतकं कोण ओळखणार? मला तो सायंकाळचा वेळ आठवतो. तू त्या फवारणीवाल्याला मैदानावर बोलावून आणलंस, गळपट्टी धरलीस, आणि विचारलंस, "कोनं सांगतलं तुले? कोनाच्या सांगन्यावरून मारलं?"

तो घाबरून एवढंच म्हणाला, "औषध तं तुमच्याच दुकानातून नेलं ना, काका. तुमीच म्हणाले, सकायी मार, वारा नसन तवा मार."

तुझा हात सुटला. तू खाली बसलास, तिथंच, पिवळ्या गवतावर.

तू औषध कधीही तसंच द्यायचा नाहीस. कोणतं पीक, कुठलं वावर, बाजूला काय पेरलं, वारा कोणीकडून आहे, हे सगळं विचारल्याशिवाय तुझ्या दुकानातून तणनाशकाची बाटली बाहेर पडायची नाही. लोक वैतागायचे, दुसऱ्या दुकानात जायचे, तुला फरक पडायचा नाही. आणि त्या एका दिवशी दुकानात गर्दी होती, माणूस ऑफिसचा होता, तू विचारलं नाहीस. "म्या विचारलं नाई, मास्तर," तू मला म्हणालास. "माह्याच हातानं देल्लं. कुठं मारतं म्हून म्या विचारलंच नाई."

मी तुझ्या बाजूला उभा होतो. कोणाच्या सांगण्यावरून, हा तुझा प्रश्न तसाच हवेत होता. फवारणीवाल्याला सही कोणाची ते ठाऊक नव्हतं, त्याला फक्त काम सांगितलेलं. ठाऊक होतं मला. माझ्या कपाटात त्या पत्राची प्रत होती. मला फक्त चार शब्द बोलायचे होते, मधू, 'पत्र मी दिलं होतं' एवढेच. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, नको लावून घेऊस मनाला." आठवलं की मला माझा तो हात तोडून टाकावासा वाटतो.

मी भित्रा आहे. यापेक्षा चांगला शब्द मी शोधत नाही. आधी वाटलं, तू शांत झालास की सांगू. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं म्हणशील. मग उन्हाळा आला, भेगा परत पडल्या, प्रफुल्लचा पाय भेगेत अडकून घोटा मोडला, आणि त्याच्या आईनं दवाखान्यात जे तोंड सोडलं ते तू एकट्यानं ऐकून घेतलंस. मी फळं घेऊन गेलो होतो. समुद्रपूरवाल्यांनी कळवलं, तुमच्याकडं खेळायला येणार नाही, आमच्या पोरांचे पाय आम्हाला हवेत. त्यांचं काय चुकलं? तू ऑफिसच्या पायऱ्या चढलास, उतरलास, आणि शेवटी त्यांनी 'दुरुस्ती' केली. भेगांवर मुरूम टाकला आणि रस्त्याचा रोलर फिरवला. खेळायच्या जागेवर रस्त्याचा रोलर! तू रोलरच्या पुढं जाऊन उभा राहिलास तर तो चालवणारा म्हणाला, "काका, वरून ऑर्डर हाय, बाजूले सरका." आणि तू सरकलास. पूर्वीचा मधू सरकला नसता. मी कुंपणापाशी उभा राहून पाहत होतो आणि मला तुझाच राग आला, की हा भांडत का नाही. तुझं भांडण कोणी काढून घेतलं होतं ते मला माहीत असून राग आला.

आपलं शेवटचं बोलणंही भांडणच. मी म्हणालो, हे मैदान गेलं समज, पोरांना सरावाला हिंगणघाटला नेऊ, महिन्यातून दोनदा, बसनं. तू दुकानातल्या स्टुलावर बसला होतास.

"मंग आपलं घरचं मैदान कोन्तं?"

"नसेल तर नसेल," मी म्हणालो. "किती क्लबांना नसतं."

"मास्तर, घरचं मैदान नाई तं आपन जलमभर पाहुनेच हाओत. पाहुन्याच्या घरी किती दिवस खेळाचं?" मग तू म्हणालास, "हराळी माह्या हातानं गेली. मीच लावीन परत. या पावसात मुरूम काढू, दोरी धराले येजो."

"वेडा आहेस," असं म्हणून मी निघालो. तुझ्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द हे. चार दिवसांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तू छातीवर हात ठेवून खाली बसलास आणि वर्ध्याला नेईपर्यंत संपलास. माझा तुझ्यावरही राग आहे, मधू. इतकी कसली घाई? मी सांगणारच होतो, असं मी रोज स्वतःला सांगतो, आणि रोज मला ते खोटं वाटतं.

तर परवा सभेत साहेबांचं झाल्यावर 'क्लबचे सचिव, मधुकररावांचे जिवलग मित्र' म्हणून माईक माझ्या हातात दिला. खिशात लिहून आणलेलं भाषण होतं, चांगलं होतं, शाळेत वाचावं तसं. मी ते काढलं नाही. मी म्हणालो, कमान नको. आधी हा मुरूम उचला. मग म्हणालो, गेल्या वर्षी या मैदानावर जे औषध मारलं त्याचं पत्र माझ्या सहीचं होतं. मधूला मी ते सांगितलं नाही. तो स्वतःला दोष देत गेला आणि मी बघत राहिलो. आवाज चढला होता माझा. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, इथं काऊन काढता हे?" साहेबांच्या माणसानं हसतमुखानं माईक काढून घेतला आणि दोन मिनिटं मौन जाहीर केलं. सगळे उभे राहिले. इतकी सोयीची मौनं या गावात फार पाळली जातात.

कुसुमवहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

काल सकाळी मी मैदानावर गेलो. मंडप उठला होता. खड्डे तसेच, मेखा तीन-चार मातीतच. मी चपला काढल्या आणि या गोलपासून त्या गोलकडं चालायला लागलो, एकटाच. एकट्यानं फेरी होत नाही, निम्म्याहून जास्त सुटतं, पण चाललो. अर्ध्यावर आलो तेव्हा कुंपणापाशी वहिनी उभ्या दिसल्या. मी जवळ गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच सुरुवात केली.

"भाऊजी, दहा महिने ते जेवाच्या आंधी तीन-तीन खेपा हात धुवत होते. म्हनत, कुसुम, औषधाचा वास जात नाई हाताचा. मी हुंगून पाहो. काईच वास नोहता. तुमी एक डाव सांगतलं असतं. तुमच्यावर दोन दिवस चिडले असते, शिव्या देल्ल्या असत्या, अन् तिसऱ्या दिवशी तुमच्याच घरी चहा प्याले आले असते. जेवले तरी असते नीट."

मी हात जोडले.

"मले माफी गिफी मागू नोका," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ नाई ते. नामदेवकाकाच्या वावरात निंदन चालू हाय. हराळी धुऱ्यावर पडली हाय, सुकून जाईन."

एवढं बोलून त्या गेल्या.

काल दुपारीच ऑफिसातून माणूस आला होता, कमानीच्या भूमिपूजनाचा कागद घेऊन. मैदान क्लबच्या ताब्यात म्हणून सचिवाची सही लागते म्हणे. मी त्याला विचारलं, कुठं खणणार? किती खोल? मंडप कुठं टाकणार? मेखा कोण काढणार? तो कंटाळून म्हणाला, "गुरुजी, सही करा ना, एवढं काय विचारून राह्यले?" मी कागद परत दिला. सही केली नाही. तुझ्या नावाची कमान मी अडवली आहे, मधू, गाव मला काय म्हणतं ते म्हणो.

आज नामदेवकाकांच्या धुऱ्यावरून चार पोती हराळी आणली. प्रफुल्ल लंगडत आला, पवन आला, आणखी दोघं-तिघं आले. माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. नाल्याकडच्या गोलपासून सुरुवात केली. आधी मुरूम खरवडून बाजूला केला, मग मी सुताडा ताणला. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं मी खुंटीला बांधलं, कारण ते धरायला दुसऱ्या कोणाला द्यावंसं वाटलं नाही. पंचवीस हात लांब एक ओळ झाली. उभा राहून पाहिली तर वाकडी. मी बराच वेळ थांबलो, मधू, पलीकडून कोणी ओरडतं का म्हणून. मग गुडघ्यावर बसलो, अख्खी ओळ उपटली, आणि पुन्हा लावायला घेतली.